पोहायला किती लांबून?

स्वीडनच्या स्मोलांड भागातल्या आमच्या गावच्या सभेत कॉफी फिरली आणि पाहणी करणारा सिक्स्टन पडद्यासमोर उभा राहिला.

"माणसं पोहण्यासाठी किती लांब जातात, यावरून पाण्याचा त्यांना होणारा लाभ आम्ही मोजतो. जितका लांबचा प्रवास, तितका मोठा लाभ. तुमच्या गावाचा आकडा गेल्या दहा वर्षांत दहापट वाढलाय. अभिनंदन!"

गुन्वरआजींनी दालचिनीचा पाव बशीत आपटला. "दहा वर्षांपूर्वी मी रोज सकाळी अंगावर झगा टाकून अनवाणी तळ्यावर जायचे. कॉफी निवायच्या आत डुबकी मारून परत!"

"हो ना, म्हणून तर तेव्हाचा आकडा अगदीच किरकोळ होता."

"आता शेतांतलं खत उतरून त्या तळ्यावर विषारी हिरवी साय धरते. माझा कुत्रा ते पाणी पिऊन मेला. मी बसनं तासभर लांबच्या तळ्यावर जाते, तोच झगा पिशवीत कोंबून."

"तासभर!" सिक्स्टनचा चेहरा उजळला. "बघा, केवढी ओढ आहे तुम्हाला निसर्गाची!"

"मग तेही तळं नासवा की रे," आजी कडाडल्या. "त्याच्या पुढचं आणखी लांब आहे."