बुधवारचं टेबल

“सूप जरा निववून आणा. हिला गरम सोसत नाही.”

वेटरने मान डोलावली. खरं तर हे त्याला आता सांगावं लागत नव्हतं. गेले पाच बुधवार हे जोडपं दुपारी एकच्या सुमाराला या चायनीज हॉटेलात येत होतं आणि भिंतीकडचं तेच टेबल धरत होतं. बायको आत, भिंतीला टेकून. नवरा बाहेरच्या बाजूला. ऑर्डर तोच द्यायचा. तिला काय हवं, किती हवं, सगळं त्याला तोंडपाठ. नूडल्स तोच वाढायचा, तिच्या हनुवटीवर ओघळ आला तर आपल्या रुमालाने तोच पुसायचा.

“जोडा असावा तर असा,” वेटर काउंटरवर येऊन म्हणाला.

“हो ना, बायकोला तोंड उघडावंच लागत नाही,” मालकीणबाई पार्सलच्या पिशवीला गाठ मारत म्हणाल्या. “आमच्याकडे उलटं. सगळं मलाच बोलावं लागतं.”

बाई खरंच कमी बोलायची. मागच्या बुधवारी नवरा हात धुवायला गेला तेव्हा काय ती एकदा वेटरशी बोलली. “तुमचं कार्ड आहे? पत्ता छापलेलं?” त्याने पार्सलचं कार्ड दिलं. ते पर्समध्ये टाकत तिने विचारलं, “बुधवारी बंद नसतं ना?” वेटरला बरं वाटलं. गिऱ्हाइकाला जेवण आवडल्याची याहून मोठी पावती कुठली?

वेटर स्वभावाने भित्रा. गेल्या वर्षी याच हॉटेलात एका दारुड्याने शेजारच्या टेबलावरच्या मुलीला थोबाडीत मारली, तेव्हा हा ट्रे छातीशी धरून फ्रीजमागे उभा राहिला होता. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “निदान ट्रे तरी फेकून मारायचा!” ते वाक्य त्याच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं.

तिचं सूप निवत ठेवून तो नवऱ्याचं गरम सूप घेऊन निघाला आणि दार धाडकन उघडलं.

आत आलेला माणूस दांडगा होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. त्याने एकेक टेबल नजरेने चाळलं आणि तडक भिंतीकडे गेला.

“ऊठ,” तो बाईला म्हणाला. “चल.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तिचं मनगट पकडलं.

“अहो, कोण तुम्ही? हात सोडा तिचा!” नवरा उभा राहिला.

दांडगा त्याच्याकडे वळला. त्याने बुक्का मारला. नवऱ्याचं नाक फुटलं, तो खुर्चीसकट मागे कोसळला आणि तिथूनच ओरडला, “वाचवा! पळवतोय तिला!”

“कोणी मध्ये पडू नका,” दांडगा सगळ्यांकडे बघत म्हणाला. “एकेकाला बघून घेईन.”

वेटरने फ्रीजकडे पाहिलं. पण या वेळी त्याचे पाय तिकडे गेले नाहीत. हातातलं वाफाळतं सूप त्याने दांडग्याच्या तोंडावर फेकलं.

दांडगा गुरासारखा ओरडला. त्याच क्षणी भटारखान्यातून आचारी धावत आला. अंगापिंडाने भक्कम, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणत. त्याच्या हातात कढईतली लोखंडी पळी होती. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज काउंटरपर्यंत ऐकू आला.

“सोडा!” बाई किंचाळली. “सोडा! सोडा ना!”

“सोडतोय कसला हा!” पैलवान म्हणाला आणि त्याने तिसरा घाव मनगटावर घातला. तरी हात सुटेनात. दोघांची बोटं अशी एकमेकांत अडकली होती, की कुठली कोणाची ते कळत नव्हतं. शेवटी वेटरनेच ती एकेक करून उकलली.

मग पार्सलसाठी थांबलेली माणसंही पुढे सरसावली. कोणी पाठीत लाथ घातली, कोणी डोक्यात बाटली फोडली. वेटरनेही लाथा घातल्या. एक, दोन, मग त्याने मोजलं नाही. त्याला वर्षभराचा तो काटा निघाल्यासारखं वाटत होतं. फरशीवर रक्त, सूप आणि दोन दात पडले होते.

“पुरे,” मालकीणबाई फोन खाली ठेवत म्हणाल्या. “मरेल तो. पोलीस आणि ॲम्ब्युलन्स बोलावलीये मी.”

नवऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि वेटरला हात जोडले. “काका, तुमचे उपकार कसे फेडू?”

“अहो, माणुसकी आहे ती.”

“हिला आधी घरी नेतो. जबाब उद्या देईन. अवस्था बघताय ना हिची?”

बघत होतेच सगळे. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते. वेटरने स्वतः बाहेर जाऊन टॅक्सी थांबवली. तिला बसवताना तिने त्याची बाही घट्ट धरली. इतकी, की बटण तुटलं.

“घाबरू नका ताई,” तिचा हात हलकेच बाजूला करत तो म्हणाला. “आता कोणी काही करणार नाही तुम्हाला.”

नवरा तिच्या शेजारी बसला. दार लागलं. टॅक्सी गर्दीत दिसेनाशी झाली.

वेटर आत आला तेव्हा पैलवानाने त्याच्या पाठीवर थाप मारली. “काका, आज वाघ झालात!” कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आज घरी काय काय सांगायचं, याची वाक्यं वेटरच्या मनात जुळू लागली.

फरशीवरचा माणूस हलला. त्याचा एक डोळा पार मिटला होता. दुसऱ्याने तो भिंतीकडचं रिकामं टेबल शोधत होता. वेटर पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्याजवळ वाकला. काही झालं तरी माणूसच तो.

“कुठाय ती?” मोडक्या जबड्यातून शब्द कसाबसा बाहेर आला.

“सुखरूप आहे. नवऱ्याबरोबर घरी पाठवली.”

त्या माणसाने पाणी घेतलं नाही. तो रडायला लागला. पुढचं बोलणं जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

“त्याच्याच तावडीतून सोडवायला आलो होतो हो मी बहिणीला.”