मागचे केस

सोमवारी दुकान बंद असतं, तरी न्हाव्याने शटर अर्धं वर करून ठेवलं होतं. समोरचा यायचा होता.

समोरचा म्हणजे समोरच्या गाळ्यातला न्हावी. कुठल्या दूरच्या मुलखातून आला, निम्म्या दरात केस कापू लागला, आणि बघता बघता ह्याची अर्धी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. ह्याने त्याच्या नावाने पुष्कळ बोटं मोडली. पण न्हावी झाला म्हणून काय, स्वतःच्या मानेवरचे केस त्याला थोडेच कापता येतात? बायको होती तोवर ती कापायची, वेडेवाकडे का होईना. ती गेली, आणि एका सोमवारी समोरचाच कात्री घेऊन आत आला. म्हणाला, "काका, तुमची मान बघवत नाही." तेव्हापासून दोघे एकमेकांचे केस कापत, गिऱ्हाइकांच्या टकलांची यथेच्छ टिंगल करत. आठवड्यात न्हाव्याशी कामाखेरीज कुणी बोलत असेल तर तो एवढाच.

आणि मागच्या महिन्यात दुकानदारांची ती बैठक झाली. बाहेरच्यांनी दर पाडले, त्यांचे गाळे काढून घ्यायचे, अशी बोंब उठली. त्यांच्याच जेवणावर माझं भाडं निघतं, असं खानावळवाला चाचरत सांगायला गेला, पण त्याला बोलू कोण देतंय. हात वर करा म्हणाले. न्हाव्याने इकडेतिकडे पाहिलं आणि केला वर. गेलेली गिऱ्हाइकं परत येतील, हे मनात होतंच, खोटं कशाला बोला.

समोरचा आला. गाळा रिकामा करून, किल्ली देऊन आला होता. संध्याकाळची गाडी होती. नेहमीसारखा खुर्चीत बसला, कॉलर आत दुमडली आणि मान पुढे केली. न्हाव्याने वस्तरा उघडला. आता सांगावं, आता सांगावं असं वस्तऱ्याच्या दर हाताला वाटत होतं. पण ती मान इतकी निवांत पुढे आलेली की त्याची जीभ रेटेना. त्याने गाडीला गर्दी असेल का वगैरे विचारत काम उरकलं.

मग खुर्ची बदलली. समोरच्याने त्याच्या अंगावर कापड टाकलं, फणी फिरवली. कात्री मागून वर चढत गेली. शेवटी न्हाव्याला राहवेना.

"अरे, त्या बैठकीत मी..."

"माहीत आहे," समोरचा म्हणाला. "हलू नका, कान आहे."

न्हाव्याने आरशात पाहिलं तर डोक्यावर जेमतेम नखभर केस उरले होते. एवढे बारीक समोरच्याने कधीच कापले नव्हते.

"आज फारच कमी केलेस रे."

"असू द्या, काका. आता बरेच दिवस पुरवायचेत तुम्हाला."

समोरच्याने वस्तरा घेतला आणि मागे येऊन उभा राहिला.

"मान खाली घाला," तो म्हणाला.

न्हाव्याने ती केव्हाच घातली होती.