दाल्वाबाईंचं उत्तर

दाल्वाबाई आजही जसिंताच्या शेजारून सरळ निघून गेल्या. जिन्याच्या कठड्यावर हात, नजर समोर. जसिंता भिंतीला चिकटून, मान खाली घालून उभी होती. मोठं माणूस बोलल्याशिवाय लहानाने तोंड उघडायचं नाही, असं घरी, लुआंडा शहरात, आजीने तिला बजावून ठेवलेलं. पण मोठ्या माणसाने बोलायला तर हवं ना!

शुक्रवारपर्यंत तिच्या मार्गदर्शक म्हणून बाईंनी तिच्यासाठी शब्द टाकला नाही, तर शिष्यवृत्ती बंद होणार होती. मग प्रबंध अर्धा टाकून अंगोलाला परत. तिने बाईंना ईमेलवर ईमेल पाठवले होते. सुरुवातीला 'आदरणीय प्राध्यापक डॉक्टर', शेवटी 'देवाची कृपा असो'. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

"मला तर लगेच उत्तर देते ती," ग्लेसी म्हणाली. ग्लेसी इथलीच, ब्राझीलमधल्या फोर्तालेझाची. ही मंडळी बाईंना नुसतं 'दाल्वा' म्हणत आणि फोनवर आपला आवाज भरून पाठवत. मागे कुत्रा भुंकत असला तरी त्यांना फिकीर नसे. बाईही तशाच बोलून उत्तर देत, मध्येच खो खो हसत.

"तूही पाठव की. खाणार नाहीये ती तुला."

गुरूला असं रस्त्यावरून हाक मारल्यासारखं? जसिंताला ते मेली तरी जमलं नसतं.

बाई आपल्याला मुद्दाम टाळतात, हा तिचा संशय वाढतच गेला. वर्गात बाई ग्लेसीला सांगायच्या, वाग्नेरला सांगायच्या, तुमचं लिखाण मोठ्याने वाचा, कानाला कसं लागतं ते बघू. जसिंताकडे कधी वळल्याच नाहीत. एकदा तर ती पहिल्याच बाकावर बसलेली असताना त्यांनी विचारलं, ती अंगोलाची मुलगी हल्ली येत नाही का? वर्गाला ती थट्टा वाटली, सगळे हसले. जसिंताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ही बाई आपलं काही वाचतच नाही, तिची खात्री पटली. परक्या पोरीचं कोण वाचतंय!

गुरुवारी तिने ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. कोऱ्या कागदांचा गठ्ठा करून त्याला पिन मारली. बाईंनी तो न वाचताच बाजूला सारला, की तडक विभागप्रमुखांकडे तक्रार करायची.

खोलीचं दार उघडंच होतं. बाई एकट्या कॉफी पीत बसल्या होत्या. जसिंताने आत जाऊन, न बोलता, गठ्ठा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि टेबलाच्या कडेला उभी राहिली.

"प्रकरण आणलंस वाटतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी कागद हातात घेतले. एकेक पान सावकाश उलटलं. मध्ये एकदा मान डोलावली, एकदा कपाळाला आठी घातली. घे, सापडलीस, जसिंता मनात म्हणाली.

"छान जमलंय," बाई म्हणाल्या. "आता मला वाचून दाखव."

"काय वाचू, बाई? सगळी पानं कोरी आहेत."

बाईंचा हात पानावर थांबला. मग तो टेबलावरून चाचपडत पुढे गेला आणि कॉफीचा कप लवंडला. कॉफी त्यांच्या मांडीवर गळत होती, तरी त्या समोर, रिकाम्या दाराकडेच बघत होत्या.

"दार लाव, पोरी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आणि आधी सांग, तू कोण?"