सोमवारच्या आत

सातव्या मिनिटाला बायकोचा हात दाराच्या कडीवर गेला आणि बेकरीवाल्याने तो वरच्यावर धरला.

"अजून तीन मिनिटं."

"तिला ठसका लागलाय."

"रडून लागलाय. थांब."

आत ठमी बोंबलत होती. पंधरा महिन्यांची पोर, पण आवाज असा की आठ वाजल्याचं गल्लीच्या टोकाला कळावं. घरात आल्यापासून ती या दोघांच्या मध्येच झोपली होती, एक पाय याच्या पोटावर, एक मूठ तिच्या केसांत. आता पलीकडच्या खोलीत तिच्यासाठी कठड्याचा छोटा पलंग मांडला होता आणि तिला तो मुळीच मान्य नव्हता.

पद्धत सोपी होती. दिवा घालवायचा, बाहेर यायचं. पाच मिनिटांनी एकदा तोंड दाखवायचं, मग दहा, मग पंधरा. उचलायचं नाही, थोपटायचं नाही. बेकरीवाल्याने त्यासाठी भट्टीजवळचा गजर घरी आणला होता. मध्येच दार उघडलं की केक बसतो, हे तो बारा वर्षं नव्या कारागिरांना शिकवत आला होता. केक 'आई' म्हणून हाका मारत नाही, एवढाच काय तो फरक.

पहिल्या रात्री ती बावन्न मिनिटं रडली आणि भडाभडा ओकली. चादर बदलताना बायको म्हणाली, "आजच्या दिवस घेऊ या तिला मध्ये."

"आणि सोमवारपासून? रात्रपाळी आहे. कोण थोपटणार आहे तेव्हा?"

तिने ओली चादर बादलीत टाकली. ती एका दवाखान्यात रक्ताचे नमुने तपासायची. सोमवारपर्यंतची सुट्टी तिने याच कामासाठी टाकली होती. तो पहाटे तीनला भट्टीवर जायचा. दोघांच्या हातात अकरा रात्री होत्या.

"एकट्याने नाही जमायचं," ती म्हणाली. "पाळ्या लावू. एक दिवस तू दगड, एक दिवस मी."

तसंच ठरलं. ज्याची दगडाची पाळी त्याने दाराशी उभं राहायचं. दुसऱ्याने हवं ते करावं. तिच्या सुट्टीच्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून बसायची. त्याची पहिली सुट्टी तिसऱ्या दिवशी आली. आतापर्यंत वडीलधाऱ्यासारखा उपदेश करणारा हा माणूस पिठाच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हमसाहमशी रडला. सकाळी पावाच्या पिठात त्याने दोनदा मीठ घातलं होतं, बेकरीच्या मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, ते त्याने तेव्हाच सांगितलं. बायकोने एका हाताने त्याचं डोकं खांद्याशी धरलं. दुसऱ्या हाताने तिने दार ओढून धरलं होतं, कारण तिचा स्वतःवर भरवसा नव्हता.

सहाव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या.

"अगं, उचला की तिला. जीव का घेताय पोरीचा?"

"सवय लावतोय, आजी."

"कसली मेली सवय? मोठी झाली की झोपतातच सगळी. लग्नात कुणी आईला घेऊन झोपत नाही."

एरवी बायको हसली असती. तिने दार लावून घेतलं आणि दाराला टेकून खाली बसली. आजींचं खरं होतं. थांबायला वेळ असता तर तिने दहा वर्षं थोपटलं असतं.

बावन्नाची तीस मिनिटं झाली, तिसाची बारा. दहाव्या रात्री चार. अकराव्या रात्री, रविवारी, बायकोने दिवा घालवला तेव्हा ठमीने तिच्याकडे एकदा पाहिलं, अंगठा तोंडात घातला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. हाक नाही, हुंदका नाही. दोघं दाराबाहेर उभे राहिले. तिने रडावं असं दोघांनाही मनापासून वाटत होतं, आणि ते बोलायची दोघांनाही लाज वाटत होती.

"जमलं," तो म्हणाला.

"जमलं."

नंतर अंथरुणात ते दोन कडांना पडले. "सरक की मध्ये," तो म्हणाला. तिने मान हलवली. त्याने हात लांब करून तिचा हात धरला आणि तीन वाजेपर्यंत धरून ठेवला.

सोमवारी दहाला बालकल्याण कार्यालयातल्या बाई आल्या. ठमी आठ दिवसांची असताना याच बाईंनी तिला या घरात आणलं होतं, जन्म देणारी आई आजारातून उठेपर्यंत सांभाळायला. आता ती उठली होती. मागच्या उन्हाळ्यात एका गोदामात रात्रपाळीला लागली, इतकं बाईंनी सांगितलं होतं. त्यापुढचं या दोघांनी कधी विचारलं नाही. बाई तिचा विषय काढायच्या आणि बायको चहा टाकायला उठायची.

बाईंच्या मागे एक किडकिडीत तरुणी उभी होती. तिने ठमीला वेगळ्याच नावाने हाक मारली.

बायकोने कपड्यांची पिशवी पुढे केली. ती भराभर बोलत होती. "आठला झोपते. थोपटावं लागत नाही. तुम्ही रात्री कामावर गेलात तरी काळजी नको, एकटी झोपते आता. रडत नाही. आम्ही सवय लावलीय."

तरुणी गोंधळून आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली.

"एकटी कशाला झोपेल?" ती म्हणाली. "रात्रपाळी मी कधीच सोडली. माझ्या कुशीतच झोपणार ती."