आठ दिवसांपूर्वीची फवारणी

तण मेलं होतं, आणि अण्णासोला त्याकडे बघवत नव्हतं.

काजूच्या झाडांखाली कुर्डू, केना, गाजर गवत, सगळं वाळून तपकिरी पडलं होतं. उदयसिंहानं वाकून एक झुडूप उपटलं, मूळ मोडून बघितलं आणि बरोबरच्या सहा-सात जणांना दाखवलं. आजऱ्याकडचे काजू बागायतदार त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. तो हो म्हणाला, तर पंचवीस गावांच्या बागांतून विषारी तणनाशक जाऊन अण्णासोचं तेल येणार होतं. नाही म्हणाला, तर पुन्हा कुणी विचारायलाही येणार नव्हतं.

“आठ दिवस झालं न्हवं?” उदयसिंह म्हणाला. “एक फुटवा न्हाय की.”

अण्णासोनं नुसती मान हलवली.

सात वर्षं तो गवती चहाचं आणि निलगिरीचं तेल काढत होता. त्याचा भाऊ ज्ञानू मजुरीनं तणनाशक फवारायचा. पाठीवरचा पंप गळायचा, आणि एका हंगामात माणूस हातचा गेला. तण मरावं पण माणूस मरू नये, एवढंच वेड तेव्हापासून अण्णासोनं घेतलं होतं. तेलानं पानं करपायची, लोक कौतुक करायचे आणि पाचव्या दिवशी तण पुन्हा तरारून वर यायचं. अठरा वेळा हेच झालं. गाव त्याला अत्तरवाला म्हणायला लागलं. बायकोच्या, शेवंताच्या हट्टापायी त्यानं तेल आणि ते पाण्यात मिसळायला लागणारा साबण दोन्ही वाढवून आणखी एक खेप काढली, पण ती फवारून बघायचा जीव काही उरला नव्हता.

म्हणून फवारणीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तेलाच्या कॅनमध्ये बाजारातलं तणनाशक ओतलं. ज्यानं ज्ञानूचा घात केला, तेच. शेवंता तेव्हा गोठ्यात होती. दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यानं नाक-तोंड घट्ट बांधलं आणि मान वळवून सगळी बाग फवारली. स्वतःची एवढी किळस त्याला जन्मात आली नव्हती.

आता लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. शेवंता सगळ्यांना ताक देत फिरत होती आणि तिच्या तोंडावरचं हसू मावळत नव्हतं. त्या तेलावर विश्वास ठेवणारी गावात ती एकटीच, आणि त्यानं नेमकं तिलाच फसवलं होतं. झाडाखाली उरलेला कॅन कधी एकदा नाहीसा करतो, असं त्याला झालं होतं.

निघता निघता उदयसिंहानं विचारलं, की बागेत शेरडं चरतात, बाया खुरपायला असतात, त्यांना याचा काही त्रास?

“तरास कसला,” शेवंता म्हणाली. तिनं ताकाचा रिकामा पेला घेतला, कॅनमधलं घोटभर ओतलं आणि तोंडाजवळ नेलं.

अण्णासो धावला. त्याच्या फटक्यानं पेला लांब जाऊन पडला.

“पिऊ नगंस,” तो म्हणाला. “इख हाय त्यात. दुकानातलं तणनाशक मिसळलंय मी.”

उदयसिंहानं हातातलं झुडूप टाकलं. तो चिडला असता तर परवडलं असतं. ज्ञानूच्या भावाकडून ही अपेक्षा नव्हती, एवढंच म्हणून तो जीपमध्ये जाऊन बसला. शेवंता काहीतरी सांगत जीपमागं धावली. हातापाया पडायला धावतेय, असं अण्णासोला वाटलं. जीप थांबली नाही.

अण्णासो बांधावर बसून ढसाढसा रडला. सात वर्षं गेली, नाव गेलं, जाऊ दे. तू वाचलीस, तू वाचलीस, हेच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

शेवंता धापा टाकत परत आली आणि त्याच्याशेजारी बसली. ती मेलेल्या तणाकडे बघत होती.

“तुमी ओतताना मी बघितलतं,” ती म्हणाली. “फवारायच्या आधीच कॅन रिकामा करून, धुऊन परत भरला. तुमी फवारलं ते आपलं तेलच हुतं.”