अस्पष्ट

डॉक्टर बोलत होते आणि तिला त्यातला एकही शब्द कळत नव्हता.

आवाज येत होता. जाड गोधडीत तोंड खुपसून कुणीतरी बोलावं, तसा. तिने आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. हेडफोनखाली कानाच्या पाळ्या आधीच तापल्या होत्या. पायाखालचं पेडल दाबून तिने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि डोळे मिटून पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच.

इस्पितळाच्या तळमजल्यावरची ती खोली. वरच्या मजल्यावर डॉक्टर एक्स-रे बघत आणि बघता बघता बोलून ठेवत. खाली ती आणि इतर बायका ते ऐकून टाइप करत. बाकीच्या दुखण्यांची तिला सवय झाली होती. मनगटाला पट्टा होता, मान एका बाजूला वळत नव्हती, आणि पेडलवरचा पाय घरी जाताना दुसऱ्याच कुणाचा तरी वाटे. डॉक्टर खाता खाता बोलत, जांभया देत बोलत, मध्येच फोन घेऊन बायकोशी भांडत. तेही सगळं कानात ओतून घ्यावं लागे. त्याचंही काही नव्हतं. पण कानांची गोष्ट वेगळी होती.

कानाच्या डॉक्टरकडे ती कुणाला न सांगता जाऊन आली होती. "सुरुवात आहे," ते म्हणाले होते. "आवाज राहतील. शब्द हळूहळू जातील. आधी यंत्रातून येणारे, मग समोरच्या माणसाचे." घरी तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आजारपणानंतर तो घरीच बसून होता आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं. सासूबाईंना मात्र संशय आला असावा. परवा त्या म्हणाल्या, "अगं, या घरात बहिरी मी आहे. तूही झालीस तर ओरडायचं कुणी आणि कुणावर?" सगळे हसले. तीही हसली.

जे ऐकू येणार नाही, तिथे कंसात 'अस्पष्ट' लिहायचं असा खोलीचा नियम होता. पण कंस फार झाले की कानांची तपासणी होई. कोपऱ्यात बसणाऱ्या, सगळ्याजणी ज्यांना आत्या म्हणत, त्या बाईंचे कंस वाढले, त्यांची तपासणी झाली, आणि त्यानंतर त्या कामावर दिसल्या नाहीत. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. तेव्हापासून खोलीत कुणी फारसे कंस टाकत नसे.

तिने हळूच आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांची बोटं चालू. शेजारी तुफान बसली होती. खोलीत सगळ्यात जलद म्हणून तिचं ते नाव पडलं होतं. तिने तुफानच्या कोपराला हात लावला.

"काय गं, आज आवाज कसा येतोय तुला?"

तुफानने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आवाज ना? अगदी घासूनपुसून. डॉक्टरसाहेबांनी आज दात लावलेले दिसतायत." आणि तिच्याकडे नीट बघत विचारलं, "का गं? तुला नाही येत?"

"येतोय की. म्हणूनच विचारलं."

म्हणजे यंत्र ठीक होतं.

सकाळची पहिली काही रेकॉर्डिंगं छोटी होती. तिने त्यांत नेहमीची वाक्यं टाकली होती. ती तिला झोपेतही पाठ होती. फुफ्फुसं स्वच्छ. हृदयाचा आकार नेहमीचा. विशेष काही नाही. बहुतेकांचं तसंच असतं, अशी तिने मनाची समजूत घातली आणि रिपोर्ट पाठवून दिले.

हे आताचं रेकॉर्डिंगही तिने तसंच लिहिलं. पण ती वाक्यं केव्हाच लिहून झाली आणि डॉक्टर अजून बोलतच होते. ते थांबत होते, श्वास घेत होते, पुन्हा बोलत होते. इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. छाती चांगली असली की डॉक्टर एका दमात उरकतात. ते लांबतात, तेव्हा त्यांना काहीतरी सापडलेलं असतं.

पडद्यावर लिहिलेलं होतं, विशेष काही नाही. तिचं बोट पाठवायच्या बटणावर होतं. हेडफोनमध्ये तो गुदमरलेला आवाज काहीतरी सांगत होता, पुन्हा पुन्हा सांगत होता. कुणाबद्दल तरी. तो माणूस कदाचित वरच बाकावर बसला असेल, रिपोर्टची वाट बघत.

तिने बोट उचललं. लिहिलेलं सगळं पुसलं. उठताना पेडलवरच्या पायाला मुंग्या आल्या आणि ती टेबलाला धरून उभी राहिली. कुणी वर पाहिलं नाही.

मुख्य बाईंची केबिन काचेची होती. त्या नुकताच फोन खाली ठेवत होत्या. तिने दार लावून घेतलं, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

"बाई, माझे कान गेले," ती म्हणाली. "सकाळपासून एक शब्द कळत नाहीये. मी अंदाजाने लिहून पाठवलंय. ते आधी परत मागवा. मग माझं काय करायचं ते करा."

बाईंनी फोनकडे बोट दाखवलं.

"वरूनच फोन होता. सकाळपासून त्यांचं रेकॉर्डिंगचं यंत्र बिघडलंय. नुसता गुदमरलेला आवाज आलाय, शब्द एकही उमटलेला नाही. कुणाला काय ऐकू येणार?" त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. "पण मग खालून अजून कुणीच कसं नाही आलं सांगायला?"

ती वळली. काचेपलीकडे, माना खाली घालून, सगळ्याजणी भराभर टाइप करत होत्या.