निळं पातेलं

"इथं तुझं आहे कोण?" भास्कररावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मुक्ताचं शिक्षण संपलं होतं. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून लेकीला परत न्यायला ते लाइपझिगला आले होते. ती मात्र तिथेच नोकरी धरणार म्हणत होती.

मुक्ताने कपाटातून एक निळं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं.

"खालच्या मजल्यावरच्या आजींचं आहे. आई गेली आणि मला तिकीट मिळेना, तेव्हा मी जिन्यात बसून रडत होते. त्यांनी काही विचारलं नाही. दहा दिवस रोज यातून बटाट्याचं सूप आणून दिलं. मी गॅस पेटवलाच नाही, बाबा. त्याआधी हे शहर मला नकोसं होतं. त्यानंतर माझं झालं."

भास्कररावांना घरचे ते दहा दिवस आठवले. शेजारच्या वहिनी रोज पिठलं-भात आणायच्या. सुतकातल्या घरी जेवण पोचवायचं असतं, हे या जर्मन बाईला कुणी सांगितलं असेल?

"मग पातेलं अजून परत केलं नाहीस?"

"केलं की! दर वेळी पुन्हा भरून येतं."

"आणि तू रिकामंच देतेस? आई असती तर फटकावलं असतं." त्यांनी बाह्या सरसावल्या. "रवा आहे का घरात?"

शिरा तळाला जरा लागला. खालच्या दारात त्यांनी पातेलं आजींच्या हातात दिलं आणि नमस्कार केला.

"त्यांना सांग," ते लेकीला म्हणाले, "पोरगी इथंच ठेवून चाललोय. लक्ष असू द्या म्हणावं."